सुरकुत्या काढलेला खडक

हनुवटीमामांना हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही, कारण ते ठेवण्याचा हक्क गावातल्या प्रत्येकाला होता. शाळेत घातलेल्या, नोकरीला लागलेल्या, किंवा निदान एखादं ओळखपत्र काढलेल्या प्रत्येक माणसाला मामांनी आपल्या फिरत्या स्टुलावर बसवून कधी ना कधी सांगितलेलं होतं, "हनुवटी जरा खाली. अं हं, एवढी नाही. जरा वर. हां. आता हलू नका." या 'हलू नका'नंतर माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो नेमका टिपायचं कसब मामांकडे होतं. चोरी करताना पकडल्यावर उमटतो, तोच तो भाव.

दुकान होतं आगगाडीच्या डब्यासारखं लांब आणि अरुंद. बाहेरच्या खोलीत स्टूल, छत्र्या लावलेले दिवे, आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा. खुंटीवर एक काळा कोट. हा कोट गावातल्या सगळ्या पुरुषांच्या अंगाला बसायचा, कारण तो पाठीमागून उभा फाडलेला होता आणि माणसाच्या मापाप्रमाणे चिमटे लावून आवळला जायचा. समोरून साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं.

आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे मामी बसायच्या. फोटो काढायचे मामांनी आणि साफ करायचे मामींनी, अशी संसाराची वाटणी होती. टेबलाच्या कडेला स्टीलची एक ताटली असे. मामा कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्या ताटलीत टाकायचे, आणि ताटलीत पडलेला चेहरा मामींच्या तावडीतून डागासकट सुटला, असं आजवर झालेलं नव्हतं. मुरुम, चामखीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळ्यांवरून मामींचा हात फिरायचा. आणि साफ केलेला फोटो तयार झाला की मूळ फोटो तिथल्या तिथे पुसून टाकायचा, हा दुकानाचा पक्का नियम. त्यालाही कारण घडलं होतं. एकदा एका नवरीचा मूळ फोटो आणि साफ केलेला फोटो चुकून एकाच पाकिटातून सासरी गेले, आणि सासूबाईंनी निरोप पाठवला, "दोघीही छान आहेत, पण यातली आमची कोणती?" तेव्हापासून मूळ ठेवायचं नाही. गावातल्या लेकीसुनांचा मामांवर विश्वास होता तो या नियमामुळे.

फोटोंवर मात्र कुणाचाच विश्वास नव्हता. मामांचं खरं दुःख ते होतं. पाकीट उघडलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा गप्प व्हायचं, मग म्हणायचं, "हा मी आहे?" पोस्टमन म्हणाला होता, माझे कान एवढे मोठे नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, मी अशी रागीट दिसते का, आणि हे त्या इतक्या रागाने म्हणाल्या की वेगळं उत्तर द्यावं लागलं नाही. जन्मभर फोटो काढून 'वा!' असं कुणी म्हटलं नव्हतं. फोटो अर्जावर चिकटत होते, फायलीत जात होते, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात तोंड लपवून बसत होते. एकदा तरी आपला फोटो भिंतीवर लागावा, चार लोकांनी त्याच्यापुढे उभं राहून मान डोलवावी, एवढी एकच इच्छा मामांच्या मनात घर करून होती.

अशात गावाबाहेर नवीन विश्रामगृह झालं.

गाव वाळवंटाच्या तोंडाशी होतं. पलीकडे तासाभराच्या वाटेवर वाळूच्या खडकांची टेकाडं होती. वाऱ्याने आणि कधीकाळच्या पाण्याने ती अशी काही खरवडून, पोखरून काढली होती की बघत राहावं. कुठे गेरूसारखा लाल पट्टा, त्यावर हळदीसारखा पिवळा, मध्येच जांभळट, मध्येच साईसारखा पांढरा. भेगा, कंगोरे, मधाच्या पोळ्यासारखी भोकं. परगावचे लोक ते बघायला लांबून यायचे आणि गावातले लोक त्या परगावच्या लोकांना बघायला जायचे. खडकांकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

विश्रामगृहाच्या मालकीणबाईंना पुढच्या दालनाच्या भिंतीवर या खडकांचा भलामोठा फोटो हवा होता. परगावच्या एका नामांकित फोटोवाल्याचा फोटो त्यांनी मागवूनही ठेवला होता. तरी गावातल्या माणसाला डावललं असं नको म्हणून त्या मामांच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीही एक काढून आणा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बघते. चांगला असेल तर तुमचा लावते, नाहीतर त्यांचा. पण मामा, खडकांचा काढा हं. ओळखपत्राचा नको."

त्या गेल्यावर मामा बराच वेळ स्टुलावर बसून स्वतःच गोल फिरले. मग आतल्या खोलीत जाऊन म्हणाले, "अगं, दगड कधी तक्रार करत नाही."

"करत असता तर तुमच्याशी लग्न कशाला केलं असतं मी," मामी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ मामांना लागला नाही, पण सूर लागला.

खडकांपर्यंत नेणार कोण? मामींचा भाऊ पाण्याचा टँकर चालवायचा. जगातल्या सगळ्या मेहुण्यांप्रमाणे यालाही भावोजींची टर उडवल्याशिवाय अन्न पचत नसे. मामांनी टँकरमध्ये कॅमेरा चढवला, त्याचं तीन पायांचं तिकाटणं चढवलं, छत्र्या चढवल्या, आणि शेवटी फिरतं स्टूल चढवायला लागले तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, स्टूल कशाला? खडकाला बसवणार?"

"मला बसायला."

"मग कोटपण घ्या. एखादा खडक उघडाच असला तर?"

मामा भर दुपारी निघाले. कारण सावली ही मामांची जन्माची वैरीण. नाकाची सावली ओठावर पडता कामा नये, दोन्ही कान दिसले पाहिजेत, उजेड सगळीकडून सारखा, हेच त्यांचं शास्त्र. सूर्य डोक्यावर आला, खडकांना कुठेच सावली उरली नाही, तेव्हा मामांनी समाधानाने फोटो काढले. मेहुण्याने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एवढे रंगीबेरंगी, वाकडेतिकडे खडक, पण फोटोत सगळे ताठ, सपाट आणि अपराधी दिसत होते.

"भावोजी, यांनी काय गुन्हा केलाय?"

"का? नीट आलेत की. कडा दिसताहेत."

"कडा दिसताहेत. यांचे बोटांचे ठसे घेतले की पासपोर्ट तयार."

मामांनाही ते दिसत होतं. पण मेहुण्यापुढे कबूल करण्यापेक्षा वाळू खाल्लेली बरी. ते फणकाऱ्याने टँकरमध्ये बसले. "चल घरी." मेहुण्याने टँकर चालू केला आणि मागची चाकं भसाभसा वाळूत गेली.

मग टायरांतली हवा कमी करा, चाकांपुढची वाळू उपसा, फळ्या घाला, टँकरमधलं पाणी सोडून द्या, असं करताकरता ऊन कललं. मामा घामाघूम होऊन स्टुलावर टेकले आणि सहज समोर बघितलं. समोर एक खडक होता. रुसून, पाठ फिरवून बसलेल्या माणसासारखा. दुपारी याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता ऊन बाजूने येत होतं, आणि खडकाच्या एकेका रेघेला आपापली सावली मिळाली होती. लाल पट्टा पेटल्यासारखा झाला होता. पांढरा पट्टा त्याच्याभोवती उपरणं गुंडाळावं तसा वळत गेला होता. भोकाभोकांतून काळोख बसला होता आणि भोकांच्या कडा सोन्याच्या तारेसारख्या चमकत होत्या. तो खडक म्हणजे सगळा सुरकुत्याच होता, आणि त्या सुरकुत्यांतूनच तो जिवंत झाला होता.

मामा उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकाला हनुवटी कशी ठेवायची ते सांगितलं नाही. सवयीने 'हलू नका' तेवढं तोंडातून गेलं, आणि समोरच्याने ते ऐकलं.

फोटो बघून मेहुणा काही बोलला नाही. मेहुणा बोलला नाही म्हणजे फोटो काय तोडीचा होता ते समजून जावं.

मामा घरी आले ते तरंगतच. कंबर मोडली होती, कानात वाळू होती, पण मनात भिंत होती, भिंतीवर फोटो होता आणि फोटोपुढे माना डोलावणारे लोक होते. त्या धुंदीत त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप वळला. कार्ड टणकन स्टीलच्या ताटलीत पडलं. मामा जेवले आणि झोपले.

सकाळी उन्हं वर आल्यावर ते उठले तेव्हा मामी पहाटेपासून कामाला लागून आता बोटं मोडत बसल्या होत्या. चेहऱ्यावर मोठी शस्त्रक्रिया पार पाडलेल्या डॉक्टरचं तेज होतं.

"आलात? या. बघा," त्या म्हणाल्या. "असा चेहरा माझ्या हाताखाली आजवर आला नव्हता. केवढा कातडीचा रोग तो! पट्टे काय, व्रण काय, भेगा काय. एकेक भोक बुजवता बुजवता मान आखडली माझी."

मामांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर, निळ्या आभाळाखाली, सोललेल्या बटाट्यासारखी एक गुळगुळीत, तुळतुळीत, गव्हाळ वर्णाची वस्तू होती.

"अगं," मामा खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "अगं, तो खडक होता!"

"ते कळलं मला. आंधळी नाही मी. म्हणून तर गाल गुलाबी केले नाहीत."

"मूळ फोटो कुठे आहे?"

"मूळ?" मामींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ठरवत होत्या, वेड लागलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं की आधी बांधावं. "आपल्याकडे मूळ कधीपासून ठेवतात? नियम कुणाचा?"

"माझा."

"आणि कार्डावरचे उरलेले फोटो पुसायला कुणी सांगितलंय?"

"मीच."

"ताटलीत कार्ड कुणी टाकलं?"

नवराबायकोच्या भांडणात आपण जिंकत नाही याची मामांना सवय होती, पण या वेळी समोरची बाजू बरोबरही होती, हे फार झोंबलं.

टँकर पुन्हा काढावा तर त्या दिवशी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी धुळीने दिवस आणि भिंत यांत फरक उरला नाही. मालकीणबाईंनी दिलेला दिवस उजाडला तेव्हा मामांनी तो बटाटा मोठा छापून घेतला, काखोटीला मारला आणि विश्रामगृहात गेले. खरं काय ते सांगायचं, हातापाया पडायचं, चार दिवस मागायचे, असं त्यांनी वाटेत घोकलं होतं.

"त्याचं असं झालं मालकीणबाई..."

"थांबा. बघू दे मला," असं म्हणून मालकीणबाईंनी गुंडाळी सोडली. बघितलं. लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. मामा घाम पुसत उभे.

"वा!" मालकीणबाई म्हणाल्या.

ज्या शब्दासाठी मामा जन्मभर झुरले तो शब्द आला होता, आणि तो आपल्या नावावर घ्यावा की नाही हे त्यांना कळेना.

"किती शांत वाटतं बघून," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या परगावच्या माणसाने खडक पाठवलेत, ते बघून वाटतं की नुकतेच दवाखान्यातून सुटलेत. हाच लावणार मी."

मामांनी तोंड उघडलं. पण तोवर दोन माणसं शिडी घेऊन आली होती, आणि शिडी भिंतीला लागलेली असताना खरं बोलायला फार मोठं काळीज लागतं. मामांनी तोंड मिटलं.

उद्घाटनाच्या दिवशी लोकांनी फोटोपुढे उभं राहून माना डोलावल्या. पोस्टमनने मामांचा हात हातात घेतला. मामा हसत होते, पण ते हसू दुखऱ्या दातावर बोट ठेवल्यासारखं होतं. लोक ज्याला वाखाणत होते तो फोटो त्यांचा नव्हताच, आणि त्यांचा होता तो आता जगात कुठेच नव्हता.

इथवर सगळं पचलं असतं. पण थोड्याच दिवसांत दातांचे एक डॉक्टर बायकोला घेऊन विश्रामगृहात उतरले. भिंतीवरच्या फोटोला बोट लावून म्हणाले, "आम्हाला हा खडक बघायचाय." मेहुणा आता विश्रामगृहाची जीप चालवत होता. त्याने त्यांना सगळी टेकाडं हिंडवली, पण बटाटा काही सापडेना. शेवटी मालकीणबाईंनी मामांना निरोप धाडला, "तुम्ही काढलाय, तुम्हीच दाखवा."

हे बिंग फुटलं तर फोटो भिंतीवरून उतरणार, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मामा कॅमेरा गळ्यात घालून, बळीच्या बकऱ्यासारखे जीपमध्ये बसले. मामी आपणहून शेजारी येऊन बसल्या. "ज्याच्यापायी माझी मान आखडली तो आहे तरी कसा, बघू दे की."

खडकापाशी जीप थांबली. डॉक्टरांनी खडक बघितला, मोबाइलमधला फोटो बघितला, परत खडक बघितला.

"हा तो नाही."

"तोच आहे," मेहुणा मदतीला धावला. "फोटो जुना आहे. तेव्हा हा तरुण होता."

"महिन्यापूर्वीचाच आहे, मालकीणबाई म्हणाल्या. महिन्याभरात एवढा म्हातारा झाला?"

"इथलं वारं फार वाईट हो, डॉक्टर."

डॉक्टरांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. डॉक्टर मात्र हिरमुसले आणि जीपकडे वळले. "चला परत. उगाच आलो."

नेमकं तेव्हाच ऊन कलत होतं. मामांना माहीत होतं, आणखी थोडा वेळ, आणि हा रुसलेला म्हातारा पेटून उठेल. आणि ही माणसं पाठ फिरवून चालली होती. भिंत, नाव, गावातली अब्रू, सगळं एका बाजूला राहिलं आणि मामा ओरडले, "थांबा! हाच आहे तो. फोटोत त्याच्या सुरकुत्या काढल्यात."

"कुणी?"

"हिने," मामांनी बोट दाखवलं. लगेच बोट स्वतःकडे वळवलं. "म्हणजे, मीच."

मामींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या खडकापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि हळूहळू त्यावरून हात फिरवत होत्या. "अगं बाई," त्या पुटपुटल्या, "ही भोकं तर सगळी खरीच आहेत. मला वाटलं, कॅमेऱ्याच्या काचेला काहीतरी झालंय. हे बघा, हे मी बुजवलं. आणि हे. आणि या फटीने तर मला रडवलं होतं."

डॉक्टर जवळ आले. एका भोकात त्यांनी धंद्याच्या सवयीने बोट घालून पाहिलं, मोबाइलमधला फोटो मोठा करून निरखला आणि मनापासून म्हणाले, "वहिनी, भरलेत मात्र अप्रतिम. आमच्यात एवढ्या सफाईने कुणी भरत नाही."

मग ऊन कललं. लाल पट्टा पेटला, भोकांच्या कडा चमकल्या, आणि डॉक्टर, त्यांची बायको, मेहुणा आणि मामी, चौघंही खडकापासून दोन पावलं मागे सरली. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

घरी आल्यावर कार्ड मामांनी मुठीत घट्ट धरलं. छापायला पाठवेपर्यंत ते मामींच्या खुर्चीशेजारून हलले नाहीत. मामी हाताची घडी घालून बसल्या होत्या, पण बोटं वळवळत होती.

"निदान ते एक भोक? कोपऱ्यातलं? कुणाला कळणारपण नाही."

"नाही."

"तुमच्या मनाला दया नाही."

नवा फोटो घेऊन मामा ताठ मानेने विश्रामगृहात गेले आणि सगळं कबूल केलं. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. फोटो बघितला. म्हणाल्या, "डॉक्टर जाताना सांगून गेले मला. पण मामा, भिंतीवर आहे तोच राहू दे. अहो, पाहुणे तो खडक शोधायला म्हणून एक दिवस जास्त राहतात. कुणी एक खडक दाखवतं, कुणी दुसरा, जेवताना त्यावरून भांडतात. तुम्ही तेवढं कुणाला बोलू नका."

झालं. खोटा फोटो भिंतीवर आणि खरा फोटो काखोटीला, असे मामा घरी आले. एवढा मोठा फोटो ठेवायला दुकानात जागाच नव्हती. स्टुलामागची भिंत तेवढी मोकळी होती. मामांनी तो तिथेच ठोकला.

पुढे जे झालं ते मामांच्याही ध्यानात उशिरा आलं. एक दिवस मुख्याध्यापिका नवा फोटो काढून घ्यायला आल्या. पाकीट उघडलं. मामांनी कान बंद करायची तयारी केली. "बरा आलाय हो," त्या म्हणाल्या, "मी काही एवढी म्हातारी झाले नाही अजून." पोस्टमन आला, तोही खूश. त्या भेगाळलेल्या, पोखरलेल्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात बसवलं की साठीचा माणूसही नुकता इस्त्री करून आणल्यासारखा दिसायचा. कान मोठे वाटत नव्हते, आठ्या आठ्याच वाटत नव्हत्या. तोंडोतोंडी बातमी पसरली आणि लोक सांगू लागले, "मागे तो खडक येऊ दे हं मामा." ताटली बरेचदा रिकामी राहू लागली. मामी वैतागून म्हणाल्या, "या दगडाने माझा धंदा बसवला."

शेवटी एक दिवस परवान्यासाठी फोटो हवा म्हणून स्वतः मालकीणबाई आल्या. स्टुलावर बसल्या, उठल्या, छापलेला फोटो हातात घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात तो वरखाली करून बघू लागल्या. मग वळून भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मामा, माझं चुकलं. हा द्या मला. आजच लावते. तो गुळगुळीत काढून टाकते."

ज्या भिंतीसाठी एवढा आटापिटा केला ती भिंत आपल्या पायाने चालत दुकानात आली होती. मामांनी डोकं खाजवलं. आतल्या खोलीत खुर्ची करकरली, म्हणजे मामी कान देऊन ऐकत होत्या.

"नाही देता यायचा, मालकीणबाई," मामा शक्य तेवढा दिलगीर चेहरा करून म्हणाले. "तो आता कामाला लागलाय."